ओहोटीची पिशवी

अण्णांनी कपाटाचा विषय काढला तो गुरुवारी, थोरल्या लेकीच्या चष्म्याच्या दुकानात. दांडी सैल झाली म्हणून आले होते. थोरलीने स्क्रू आवळून, काचा पुसून चष्मा हातात दिला. अण्णांनी तो नाकावर चढवला आणि समोरच्या आरशाकडे ढुंकूनही न बघता म्हणाले, "रविवारी ओहोटीला सगळे येताहेत. तिथेच सांगून टाकतो. दगडांचं कपाट तुला."

"सगळे म्हणजे?"

"तू, मावशी. आणि धाकटाही येतोय, बायको-मुलीला घेऊन. मुंगीने पत्र टाकलं होतं मला. आजोबा, मलापण दगड शोधायचेत म्हणून. पोरीला नाही कसं म्हणायचं?" दाराशी जाऊन ते थांबले. "कपाट त्याला द्यायचं माझ्या मनात नाही. कारण तुला ठाऊकच आहे."

ठाऊक होतं. ते कारण थोरलीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, एक धाकटा सोडला तर. अण्णा दुकानातून निघून गेल्यावर तिने एका गिऱ्हाइकाची काच उलटी बसवली, आणि वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

कपाट म्हणजे छापखान्यातलं, शिशाचे खिळे ठेवायचं. अण्णांनी चाळीस वर्षं त्यातून एकेक अक्षर उचलून ओळी जुळवल्या. छापखाना बंद झाला तेव्हा मालकाने मशिनं विकली, आणि अण्णा हे कपाट हातगाडीवर घालून घरी घेऊन आले. आई म्हणाली होती, "आता यात काय ठेवणार, माझी बटणं?" मग त्यात दगड आले. एकेका खणात एकेका ओहोटीचे. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात जगलेल्या, मेलेल्या आणि गाळात दबून दगड झालेल्या जिवांचे ठसे. पुस्तकात त्यांना मोठमोठी नावं आहेत, पण या घरात त्यांना कुणी त्या नावांनी हाक मारली नाही. गोल वेटोळं असलेली ती गुंडाळी. बोटभर लांब, टोकदार ती पेन्सिल. चांदणीच्या आकाराच्या बारीक चकत्या म्हणजे बटणं. हे शेवटचं नाव आईचं, कारण आई शिंप्याकडे काजं-बटणं करायची आणि ती नजर घेऊनच किनाऱ्यावर उतरायची. दहातले आठ दगड तिलाच सापडायचे. उरलेले दोन अण्णांना सापडायचे, तेही तिने पायाने दाखवल्यावर.

शेवटचा दगड तिला सापडला तीन वर्षांपूर्वी. तारामासा. लिंबाएवढा, पाचही हात शाबूत, त्यातला एक टोकाला किंचित वळलेला. "हा बघा, बोलावतोय मला," आई म्हणाली होती. नंतर कितीतरी दिवस ते वाक्य कुणाला आठवायचं नसायचं आणि सगळ्यांना आठवायचं.

समुद्रातून आणलेल्या दगडाच्या अंगात मीठ मुरलेलं असतं. ते काढलं नाही तर दगड सुकताना मीठ आतल्या आत फुलतं आणि दगडाचा भुगा करतं. म्हणून घरचा नियम असा की ओहोटीचे दगड पंधरा दिवस गोड्या पाण्याच्या बादलीत ठेवायचे आणि सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं. कुणी बदलायचं ते मोरीच्या दाराला अडकवलेल्या पाटीवर लिहिलेलं असे. त्या वर्षी पाटीवर होतं, पहिला आठवडा, धाकटा. दुसऱ्याच दिवशी आई ओट्यापाशी कोसळली. दवाखान्याच्या जिन्यात थोरली भावाला म्हणाली, "तू इथेच थांब, तुझ्या हातून ती दोन घास तरी खाते. पाण्याचं मी बघते." आणि दोन दिवस तिने बघितलंही. तिसऱ्या दिवशी आईची शुद्ध गेली, आणि ती बादली थोरलीच्या डोक्यातून जी गेली ती गेलीच. सगळं संपल्यावर तारामासा पाण्यातून काढला तिनेच, पुसून खणात ठेवला तिनेच. पाणी बदललेलं नाही हे त्या वेळी तिच्या लक्षात होतं की नव्हतं, हे ती अजूनही स्वतःला धड सांगू शकत नव्हती.

दोन महिन्यांनी अण्णांनी खण ओढला तर आत पांढरी भुकटी आणि करडा चुरा. पाटी कुणी पुसली नव्हती. अण्णा पाटीसमोर उभे राहिले, मग धाकट्यासमोर. "रोज सकाळी अंघोळीला घरी येत होतास. आईच्या दगडाचं दोन बादल्या पाणी बदलणं झालं नाही तुझ्याच्याने." धाकट्याने थोरलीकडे बघितलं. थोरलीने नळाकडे बघितलं. एवढंच झालं. त्यानंतर त्याने दुसऱ्या गावी लिफ्टच्या कंपनीत बदली मागून घेतली, आणि बापलेकांचं बोलणं फोनवरच्या "बरं आहे" आणि "ठेवतो"वर आलं.

रविवारी सकाळी एकशे एकतीस लाकडी पायऱ्या उतरून सगळे खाली आले तेव्हा समुद्र पार लांब जाऊन बसला होता. आदल्या आठवड्याच्या वादळाने चिखलाच्या कड्याचा एक मोठा तुकडा खाली आणला होता. त्यातली माती लाटांनी धुऊन नेलेली, दगड मागे राहिलेले. याहून चांगला दिवस मिळणं कठीण. मावशीने आपली घडीची खुर्ची कड्यापासून लांब उघडली आणि तिच्यात बसून घेतलं. ही आईची धाकटी बहीण, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. तीस वर्षं लोकांना ट्रंक कॉलची तीन मिनिटं झाल्याचं सांगून सांगून तिच्या आवाजाला एक हुकमत आलेली होती.

"नियम ऐका," ती म्हणाली. "कड्याच्या खाली कुणी बसायचं नाही. कड्याला हातोडी लावायची नाही, पडलेलं तेवढंच उचलायचं. दीड वाजता पाणी फिरतं, त्याच्या आधी पायऱ्या गाठायच्या. आणि तिसरा नियम माझ्या बहिणीचा."

"चौथा," मुंगी म्हणाली. ही धाकट्याची नऊ वर्षांची लेक. चालताना कायम जमिनीकडे बघते आणि जे दिसेल ते खिशात भरते, म्हणून मुंगी.

"चौथा. किनाऱ्यावर घरचा विषय काढायचा नाही. जो काढेल त्याने पिशवी उचलायची, पुढचा चुकेपर्यंत. शेवटी ज्याच्याकडे राहील त्याने ती वरपर्यंत न्यायची. कुणी हात लावायचा नाही."

पिशवी आईनेच शिवलेली, जाड कॅनव्हासची, बंदांना दुहेरी शिलाई. अण्णांनी ती खांद्यावरून काढून वाळूवर ठेवली. बापलेक चार हातांच्या अंतराने उभे होते आणि दोघेही समुद्राकडे असे बघत होते की जणू तो पहिल्यांदाच दिसतोय.

"गच्चीचा पत्रा गळायचा थांबला का?" धाकट्याने विचारलं. तीन वर्षांत समोरासमोर काढलेला पहिला शब्द. निम्मा लाटांकडे बघून, निम्मा बापाकडे.

"घरचा विषय," मावशी म्हणाली. "उचल."

मुंगी हसता हसता खाली बसली. धाकट्याने निमूट पिशवी खांद्याला लावली, आणि अण्णांचे ओठ एका बाजूने हलले. थोरलीने ते पाहिलं. आईने हा नियम कशासाठी केला होता ते इतक्या वर्षांनी तिच्या ध्यानात आलं. भांडणं टाळायला नव्हेच. ज्याला बोलवत नाही त्याला चुकून बोलायची सोय व्हावी म्हणून.

लहानपणी पिशवी बहुतेक वेळा थोरलीकडे असे, कारण तिचं तोंड राहत नसे. आणि पिशवी तिच्याकडे आली रे आली की धाकटा मागून गुपचूप साधे दगड तिच्यात टाकायचा. एकदा तर त्याने समुद्राने घासून गोल केलेला विटेचा तुकडा टाकला होता, आणि वर पोचल्यावर तिने तो त्याच्यामागे गेटापर्यंत फेकला होता. आज तो पिशवी घेऊन तिच्या शेजारून गेला तेव्हा तिने वाकून एक गुळगुळीत गोटा उचलला. टाकावा असं फार मनात आलं. पण गंमत करायचा हक्क आपण घालवून बसलोय असं वाटून तिने तो परत खाली ठेवला.

पहिला दगड सापडला भावजयीला. ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. दहा मिनिटांत तिने एक अख्खी गुंडाळी उचलली, सोनेरी, दहा पैशाएवढी.

"सूनबाई, तुम्हाला नजर आहे," अण्णा म्हणाले.

"रोज याहून बारीक बघते, अण्णा." ती हसली. पण थोरलीने दगड बघायला हात पुढे केला तेव्हा भावजयीने तो तिच्या तळहातावर ठेवला नाही, शेजारच्या खडकावर ठेवला. सकाळपासून ती थोरलीशी "हो ताई", "नको ताई" इतकंच बोलत होती. तिला माहीत आहे, थोरलीला कळून चुकलं. नवऱ्याने तिला सांगितलंय. आणि त्यात तिला राग धरता येईना, कारण सांगायचं ते नवऱ्याने बायकोलाच सांगायचं.

मुंगीने मात्र आत्याला सोडलं नाही. दोघी चिखलाच्या कडेकडेने उकिडव्या सरकत होत्या.

"मला सगळे सारखेच दिसतात, आत्या."

"दगड शोधूच नकोस. सारखेपणा शोध. एकसारख्या रेघा, एकसारखं अंतर. दगड आपल्या आपण इतकी नीट रेघ मारत नाही. नीट रेघ दिसली की समजायचं, इथे कुणीतरी जगलं होतं."

"हे आजीने शिकवलं?"

"हो. पण ती काजांवरून शिकवायची."

मुंगी चिखलाला नाक टेकेल इतकी वाकली. मग नखाने चिखल खरवडून तिने चांदणीच्या आकाराची एक चकती वर काढली, तिळाएवढी, आणि श्वास धरून आत्यासमोर धरली. थोरली म्हणाली, "बटण." चांगलंच काहीतरी घडत होतं, आणि आई बघायला नव्हती.

मुंगीने बटण रुमालात बांधलं. "आजीला मासा सापडलेला ना, तारेसारखा? मला तो बघायचा होता. पण तो बाबांनी घालवला."

थोरलीचा हात चिखलातच थांबला. "कोण म्हणालं?"

"बाबाच. मी विचारलं, आजोबा आपल्याशी बोलत का नाहीत? तर म्हणाले, माझ्यावर एक काम होतं, पाणी बदलायचं, ते माझ्याकडून राहिलं. म्हणून आजीचा मासा गेला." मुंगीने आत्याकडे बघितलं. "मी त्यांना सांगितलं, असू दे, माझापण गृहपाठ राहतो कधीकधी."

लांब, पाण्याच्या कडेला, धाकटा खांद्यावर पिशवी घेऊन वाकून वाकून बघत होता. पाठीत तसाच बाक, आईसारखा. थोरलीला वाटत होतं की तो तीन वर्षं आपल्यावर रागावून बसलाय. राग असता तर परवडलं असतं, ती मनाशी म्हणाली. याने तर आपल्या पोरीसमोर माझी चूक अंगावर घेतली, आणि मी इकडे नळाकडे बघत बसले.

साडेबाराला सगळे मावशीच्या खुर्चीभोवती जमले. थर्मासमधला चहा, उकडलेली अंडी, लोणी लावलेले ब्रेडचे तुकडे. मधल्या काळात पिशवी दोन हात फिरली होती. आई सारखी हाका मारत राहिली तेव्हा मुंगीने "आमच्या घरी आई अशीच करते" असं म्हटलं आणि पिशवी मिळवली, मग तिच्या आईने "घरी गेल्यावर बघते तुला" म्हणून ती स्वतःकडे ओढवून घेतली. मावशी खुशीत होती. सगळे हसत होते, धाकटासुद्धा. अण्णांनी स्वतःचं अंडं सोलून न बोलता मुंगीच्या हातात दिलं होतं, आणि दुसरं सोलून, जरा घुटमळून, धाकट्याच्या समोर ठेवलं होतं. धाकट्याने ते खाल्लं. थोरली ते अंडं बघत राहिली. आत्ता अण्णांनी काही बोलू नये, एवढंच ती मनात म्हणत होती. पण अण्णांचं ठरलं होतं, आणि ठरलेलं ते बदलत नसत.

"एक सांगायचंय," त्यांनी कप खाली ठेवला. "माझे डोळे आता फार दिवसांचे नाहीत. थोरलीने काचा घालून घालून ढकललंय इथवर. खणांवरच्या चिठ्ठ्या मला वाचता येत नाहीत. कपाट कुणाच्यातरी हाती द्यायला हवं. मी ठरवलंय, ते थोरलीकडे जाईल. दगडांना रोज बघणारं माणूस लागतं. विसरणारं चालत नाही."

भावजयीने थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं, मग आणखी घट्ट केलं.

"बरोबर आहे," धाकटा म्हणाला. आवाज अगदी साधा. "ताईकडेच असू दे."

"घरचा विषय, भाऊजी," मावशी म्हणाली, पण तिचाही आवाज पडला होता. "पिशवी तुमच्याकडे."

अण्णांनी मान डोलावली आणि पिशवी सुनेकडून घेऊन मांडीशी ठेवली. नियम सगळ्यांना सारखा. मुंगीने आजोबांकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. तिला काही समजलं नव्हतं, पण बाबांना काहीतरी लागलंय एवढं समजलं. ती उठून बाबांना चिकटून बसली.

थोरलीने हात पुढे केला आणि पिशवीचा बंद धरला.

"इकडे द्या, अण्णा. मी घरचा विषय काढणार आहे."

"काय काढायचंय ते वर काढ."

"नाही. वर गेले तर माझ्याच्याने होणार नाही. तीन वर्षं झालेलं नाही." तिने पिशवी आपल्याकडे ओढली, आणि तिचं वजन मांडीवर घेतल्यावर तिला जरा बरं वाटलं. "तारामाशाचं पाणी माझ्यावर होतं."

"पाटीवर नाव त्याचं होतं."

"नाव त्याचं होतं. आठवडा मी घेतला होता. दवाखान्याच्या जिन्यात मी त्याला म्हटलं, तू आईपाशी थांब, पाणी मी बदलते. पाटीवर बदल करायचा राहिला. दोन दिवस बदललं, मग विसरले. मग पाण्यातून काढला तोही मीच, आणि पुसून ठेवला. तुम्ही त्याला बोललात तेव्हा मी तिथे उभी होते. तो माझ्याकडे बघत होता. मी नळाकडे बघत राहिले." ती थांबली. "तो विसरला नाही, अण्णा. मी विसरले. आणि नंतर गप्प बसले ते काही विसरून नाही."

समुद्र अजून लांब होता, पण त्याचा आवाज बदलला होता. मावशीने डोळे मिटून घेतले. फोनच्या लाइनवर दोन माणसं काय बोलतात ते ऐकूनही तोंड न उघडण्याची तिला सवय होती, पण हे ऐकणं तिला जड गेलं.

"एक वाक्य होतं, ताई," भावजय म्हणाली. आवाजात राग होता आणि डोळ्यांत पाणी. "एकच. आत्ता बोललात तेवढंच. आम्ही घर बदललं."

"हो," थोरली म्हणाली.

अण्णांनी चष्मा काढला. चष्म्याविना त्यांचा चेहरा लहान दिसायचा. "तू का बोलला नाहीस?" त्यांनी धाकट्याला विचारलं.

धाकटा वाळूत बोट फिरवत होता. "आधी वाटलं, ती बोलेल. मग वाटलं, आज नाही तर उद्या बोलेल. मग थांबायचीच सवय लागली. आणि मी सांगितलं असतं तर तुम्ही तिच्याशी बोलणं सोडलं असतं. तुमच्याजवळ राहणारी ती एकटीच होती. मग तुम्हाला कुणी बघितलं असतं?"

अण्णांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. मग ते बोलले ते हळू, एकेक शब्द खणातून निवडून काढावा तसे.

"चाळीस वर्षं मी एक नियम पाळला. जुळवलेला मजकूर मूळ प्रतीशी ताडून बघितल्याशिवाय छापायला सोडायचा नाही. परक्या माणसाच्या लग्नपत्रिकेलासुद्धा मोडला नाही. आणि माझ्या पोराच्या बाबतीत पाटी वाचली आणि छापून मोकळा झालो. तुला विचारलंही नाही. धाकट्या, मी चुकलो."

धाकट्याने मान वर केली नाही. "अण्णा, राहू द्या."

"राहू द्या काय? तीन वर्षं राहिलंच." अण्णांनी हात लांब करून त्याच्या केसांतून फिरवला, बेचाळीस वर्षांच्या माणसाच्या, पातळ झालेल्या केसांतून. धाकट्याने तसंच बसून डोकं त्यांच्या गुडघ्याला टेकवलं. मुंगी मध्ये सापडली होती, पण ती हलली नाही.

थोरली पिशवी धरून बसली होती; घरचा विषय तिच्यामागून सगळ्यांनीच काढला होता, पण मावशीने कुणाला टोकलं नव्हतं. तिला अण्णांनी काही म्हटलं नव्हतं, आणि तेच तिला सोसवेना. "अण्णा, मला काहीतरी बोला."

"तुझ्याशी मी आत्ता बोलत नाही," अण्णा म्हणाले. चष्मा डोळ्यांवर चढवला. "वर गेल्यावर बोलेन. पिशवी उचल. पाणी फिरलंय."

एकशे एकतीस पायऱ्या थोरलीने पन्नाशीत पिशवी खांद्याला लावून चढल्या. बंद खांद्यात रुतत होता. चाळिसाव्या पायरीवर ती थांबली, सत्तराव्या पायरीवर पुन्हा. दरवेळी मागे वळून बघावंसं वाटलं, पण वळली नाही, कारण मागे सगळे होते आणि कोणत्या नजरेने बघत असतील कोण जाणे. मागे कुजबुज ऐकू येत होती. एकदा मुंगीचं हसू ऐकू आलं आणि लगेच "श्श". दर थांब्याला पिशवी आधीपेक्षा जड लागत होती. वय झालं, ती मनाशी म्हणाली. आणि असंही म्हणाली की जड आहे तेच बरं आहे. अण्णा काय बोलतील याचे तिने नव्वद पायऱ्यांत नव्वद प्रकार करून पाहिले, आणि त्यातला एकही तिला जास्त वाटला नाही.

वर गेल्यावर अण्णा काही बोलले नाहीत. घरी जातानाही नाही. संध्याकाळी मोरीत सगळे बादलीभोवती उभे राहिले. थोरलीने पिशवी उघडली आणि दगड एकेक करून पाण्यात सोडायला लागली. सहा गुंडाळ्या, चार पेन्सिली, रुमालातलं बटण. मग एक गुळगुळीत गोटा. मग दुसरा. तिसरा, असे सहा. एकाही रेघेचा पत्ता नसलेले, कुणीही कधी न जगलेले, किनाऱ्यावर लाखांनी पडलेले ढ दगड.

तिने धाकट्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

"तीन माझे," तो म्हणाला. "सत्तराव्या पायरीवर."

"माझे दोन," मुंगी म्हणाली.

"एक माझा आहे," भावजय म्हणाली. तिने थोरलीकडे बघितलं, सकाळपासून पहिल्यांदा नीट. "मोठा होता तोच. राग गेलेला नाही, ताई. पण टाकावासा वाटला."

थोरलीला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि तिने दोन्ही येऊ दिलं. मग पिशवीच्या तळाशी हात घातला, तर हाताला आणखी एक लागलं. काढून बघते तर विटेचा तुकडा. समुद्राने घासून पावासारखा गोल केलेला, चांगला शेरभर वजनाचा.

"वीट तुझीच," ती धाकट्याला म्हणाली.

"शपथेवर सांगतो, नाही."

मावशीने मानेनेच नाही म्हटलं. मग सगळ्यांनी एकदमच अण्णांकडे बघितलं. अण्णा नळाखाली हात धूत होते, फार मन लावून.

"मला पिशवी हलकी वाटली," ते म्हणाले.

"तुम्ही वर गेल्यावर बोलणार होतात, अण्णा."

"बोललो की. एवढी वीट चाळीस पायऱ्या कोटाच्या खिशात घालून आणली, ती काय उगीच?" त्यांनी टॉवेलला हात पुसले. "आणि कपाट कुणालाच देत नाही. आहे मी अजून. चिठ्ठ्या वाचायला मुंगी येईल सुट्टीत."

मुंगीने बाबांकडे बघितलं. बाबांनी आईकडे. आईने एक क्षण घेतला आणि होकाराची मान हलवली.

मोरीच्या दाराला पाटी तशीच होती. तीन वर्षांत ती कुणी पुसली नव्हती, आधी रागाने आणि मग कुणाचा हात धजेना म्हणून. अण्णांनी ओलं फडकं घेतलं, धाकट्याचं नाव पुसलं, आणि खडू थोरलीपुढे धरला. तिने पहिल्या आठवड्यापुढे आपलं नाव लिहिलं. दुसऱ्याही आठवड्यापुढे लिहिलं. मग गोट्यांच्या सोबतीला वीटही बादलीत सोडली, आणि पहिलं पाणी बदलायला नळ सुरू केला.